आंतड्याच्या सांध्याची राखण

गुदाशयाचा कर्करोग झाला आहे आणि शस्त्रक्रिया करावी लागणार, असें एकदां ठरलें म्हणजे रोगी डॉक्टरांना जो पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा रोगासंबंधीं नसतो. "पोटावर पिशवी लागेल काय?" हा तो प्रश्न. तो विचारतांना त्याचा आवाज जितका खालीं जातो तितका रोगाचें नांव काढतांनाहि जात नाहीं. श्रोतेहो, आज मी या पिशवीविषयींच बोलणार आहे. ती कां लावतात, तिच्याऐवजीं दुसरें कांहीं करतां येतें कीं काय, आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला यांपैकीं काय झेपेल, याचा विचार करावयाचा आहे. विषय संकोचाचा आहे खरा. परंतु संकोचापायीं या रोगांत फार दिवस वायां जातात. शौचावाटे रक्त पडूं लागलें तरी तें मूळव्याधीचेंच असें गृहीत धरून महिनोन् महिने घरगुती औषधांवर काढणारीं माणसें आपल्याकडे कमी नाहींत. हें जातां जातां सांगितलें. आतां मूळ विषयाकडे वळतों.

विचार सोपा व्हावा म्हणून एक रोगी डोळ्यांपुढें धरूं. तो कोणी विशिष्ट मनुष्य नव्हे. मालवणच्या उत्तरेस तोंडवळी-तळाशीलची वाळूची पट्टी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. तेथें राहणारा, पन्नाशी उलटलेला हा एक रापणकार. रापण म्हणजे समुद्रांत लांबवर सोडून दोन्ही टोकांनीं किनाऱ्यावर ओढून आणावयाचें मोठें जाळें. तें ओढावयास जें बळ लागतें तें नुसत्या हातांतलें नव्हे, पोटाच्या स्नायूंतलेंहि असतें. या गृहस्थाच्या गुदाशयांत, गुदद्वारापासून सहा-सात सेंटिमीटर उंचीवर गांठ आहे. आपल्या जिल्ह्यांतून असे रोगी बहुधा गोव्यांत बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत जातात, नाहींतर कोल्हापुरास, नाहींतर मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि तेव्हांपासून कोंकणांतल्या घराघरांत 'टाटाला नेलें' या दोन शब्दांना एक निराळाच अर्थ आला. मालवणहून बांबोळी शंभर किलोमीटरच्या वर आहे. मुंबई सुमारें पांचशें. हीं अंतरें कृपा करून ध्यानांत ठेवावीं. त्यांचें काम पुढें पडणार आहे.

गुदाशय हा मोठ्या आंतड्याचा शेवटचा, सुमारें पंधरा सेंटिमीटर लांबीचा भाग. तो कमरेच्या हाडांच्या अरुंद पोकळींत खोल बसलेला असतो. १९०८ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट माइल्स यांनीं या रोगावरील आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तींत गुदाशयाबरोबर गुदद्वारहि काढून टाकीत, आणि मोठ्या आंतड्याचें तोंड जन्मभरासाठीं पोटावर आणीत. पुष्कळ वर्षें हाच राजमार्ग होता. पुढें दोन गोष्टी घडल्या. १९७० नंतरच्या काळांत खोल जागीं आंतड्याचीं दोन टोकें यंत्रानें जोडणारा वर्तुळाकार स्टेपलर सर्वत्र वापरांत आला. आणि १९८२ सालीं इंग्लंडांतील बेसिंगस्टोकचे बिल हील्ड यांनीं असें दाखवून दिलें कीं, गुदाशयाभोंवतालचें चरबीचें वेष्टन न फाडतां अखंड काढलें तर रोग त्याच जागीं परत येण्याचें प्रमाण फारच उतरतें. तेव्हांपासून गुदद्वार राखून, रोगट भाग काढून, वरचें आंतडें खालीं ओढून जोडणें हें पुष्कळ रोग्यांच्या बाबतींत शक्य झालें. आपल्या रापणकाराचेंहि गुदद्वार वांचेल, अशी आशा धरावयास हरकत नाहीं.

पण सांधा जितका खालीं, तितका तो धोक्याचा. शिवण घातली म्हणजे सांधा झाला, असें नव्हे. शिवण दोन टोकें नुसतीं जवळ धरून ठेवते. तीं एकजीव होतात तीं रक्ताच्या पुरवठ्यानें. वरून ओढून आणलेल्या आंतड्याला ताण बसला, त्याच्या टोकापर्यंत रक्त नीट पोंचलें नाहीं, आधीं किरणोपचार झालेले असले, अंगांत पोषण नसलें, विडीचें व्यसन असलें, तर भरून येण्याचें काम मंदावतें. पुरुषांची कंबरेची पोकळी अरुंद असल्यामुळें त्यांच्यांत हें काम आणखी अवघड जातें. मग बहुधा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यांत एखाद्या ठिकाणीं शिवण सुटते व मळ बाहेर झिरपतो. यालाच सांधा गळणें म्हणतात. ताप येतो, पोट फुगतें, पू होतो, विष रक्तांत भिनतें. कित्येकदां घाईनें पुन्हां पोट उघडावें लागतें, आणि क्वचित् रोगी दगावतोहि. जो वांचतो त्याचे पुढचे औषधोपचार लांबणीवर पडतात.

आतां पिशवीचें प्रयोजन कळेल. वायंगणी शेताचा बांध फुटला तर शेतकरी चिखलाचा नवा बांध घालतो; आणि तो सुकून घट्ट होईपर्यंत पाटाचें पाणी वरच्याच कुणग्यांतून दुसरीकडे वळवून देतो. शस्त्रवैद्यहि तेंच करतो. सांध्याच्या वरच्या बाजूला आंतड्याचा एक पेंच पोटाच्या भिंतींतून बाहेर काढून उघडतात, म्हणजे मळ तेथेंच पिशवींत उतरतो व सांध्यापर्यंत फारसा पोंचत नाहीं. सांधा भरला कीं ही वाट बंद करून टाकतात. मात्र बांध घट्ट होतो तो आपल्या मातीनें. वळविलेलें पाणी त्याला घट्ट करीत नाहीं. तसेंच ही पिशवी सांध्याला भरून आणीत नाहीं. ती फक्त त्याला उसंत देते, आणि गळलाच तर त्याचा अनर्थ होऊं देत नाहीं.

ही उसंत कितपत उपयोगाची? स्वीडनमधील शस्त्रवैद्यांनीं २३४ रोग्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली आणि २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. सर्वांचा सांधा गुदद्वारापासून सात सेंटिमीटरांच्या आंत होता. ज्यांना तात्पुरती वाट करून दिली त्यांच्यांत शेंकडा १०.३ जणांचा सांधा गळला. ज्यांना दिली नाहीं त्यांच्यांत शेंकडा २८. घाईनें पुन्हां पोट उघडण्याची पाळी पहिल्या गटांत शेंकडा ८.६ जणांवर आली, दुसऱ्यांत २५.४ जणांवर. चार माणसांतील एकाला पुन्हां मेजावर घ्यावें लागणें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. इतक्या खालच्या सांध्याला राखण हवी, या मताला या आंकड्यांनीं बळकटी आली.

मग प्रश्न असा कीं, ही वाट कोठें काढावी? लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांतून काढली तर तिला इलिऑस्टमी म्हणतात. मोठ्या आंतड्याच्या आडव्या भागांतून काढली तर कोलोस्टमी. यासंबंधीं शस्त्रवैद्यांत एक मौजेचा वाद झाला. इंग्लंडमधील एकाच शस्त्रवैद्यकीय मासिकांत लागोपाठच्या दोन वर्षीं दोन निबंध छापून आले. २००१ सालीं बेसिंगस्टोकच्या मंडळींनीं ७० रोग्यांचा अनुभव मांडून सांगितलें कीं, कोलोस्टमींत त्रास अधिक, सबब इलिऑस्टमी करावी. २००२ सालीं हाँगकाँगच्या मंडळींनीं ८० रोग्यांवरून सांगितलें कीं, इलिऑस्टमीनंतर आंतडें अडण्याचे व मंदावण्याचे प्रकार अधिक, सबब कोलोस्टमी बरी! दोन्ही पक्ष प्रामाणिक, दोन्हींचे आंकडे खरे. फरक इतकाच कीं, दोघांनीं निरनिराळीं दुःखें तोलून पाहिलीं.

कोलोस्टमीची वाट बरगड्यांखालीं, पोटाच्या वरच्या भागीं येते. ती जाड व अवजड असते. तिला दुर्गंधी अधिक येते. आंतडें बाहेर घसरून येण्याचा संभव अधिक असतो, आणि ती बंद केल्यावर जखम चिघळण्याचाहि. शिवाय ती बंद करतांना मोठ्या आंतड्याच्या कडेनें जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाली, तर खालच्या सांध्याचें रक्तच तुटावयाचें. इलिऑस्टमी उजव्या बाजूस, बेंबीच्या खालीं येते. आटोपशीर असते व बंद करावयास सोपी जाते. तिचें तोंड बोंडासारखें दोन-तीन सेंटिमीटर पुढें काढून उलटवितात, म्हणजे आंतील तिखट पाचक रस कातडीवर न सांडतां थेट पिशवींत पडतो. ही युक्ति बर्मिंगहॅमचे ब्रायन ब्रुक यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केली. एवढ्यावरून कौल इलिऑस्टमीला मिळावा. आणि आज बहुतेक ठिकाणीं मिळतोहि.

परंतु तिचें एक मोल आहे, आणि तें आपल्या किनाऱ्यावर दुप्पट पडतें. तें मोल म्हणजे मीठ आणि पाणी. शरीरांतील पाणी व क्षार शोषून घेण्याचें शेवटचें काम मोठें आंतडें करतें. वाट त्याच्या आधींच काढली म्हणजे रोज अर्धा ते एक लिटर पातळ द्रव पिशवींत जातो. पोट बिघडलें तर दीड-दोन लिटरहि. त्या द्रवाच्या दर लिटरामागें सुमारें सहा ग्रॅम मीठ शरीरांतून निघून जातें. आतां आपला रापणकार वैशाखांत, दमट हवेंत, वाळूवर उभा आहे. घामावाटे मीठ जात आहेच, वर हें. त्याला तहान लागते, तो तांब्याभर साधें पाणी पितो. येथेंच घोटाळा होतो. साधें पाणी लहान आंतड्यांत गेलें कीं तें शरीरांतलें मीठ आपल्याकडे ओढतें आणि त्यासकट पिशवींत उतरतें. जितकें पाणी प्यावें तितकी पिशवी भरते आणि माणूस कोरडा पडत जातो. लघवी थोडी व गडद होते, पायांत गोळे येतात, उठून उभें राहतांच डोळ्यांपुढें अंधारी येते. पहिल्या कांहीं आठवड्यांत इलिऑस्टमीचे जे रोगी रुग्णालयांत परत येतात, त्यांच्या परतण्याचें एक मोठें कारण हेंच असतें. मूत्रपिंडाला इजा होऊन बसली तर पुढचीं औषधेंहि जपून द्यावीं लागतात. रक्तदाबासाठीं लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालूं असतील, तर त्या तशाच चालूं ठेवणें घातक आहे. तें डॉक्टरांना आधींच विचारावें.

यावर उपाय औषधाच्या दुकानांत आहे, आणि अर्धा आपल्या चुलीवरहि आहे. साखर बरोबर असली म्हणजे मीठ आंतड्यांतून चटकन शोषलें जातें. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनीं १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत पटकीच्या हजारों रोग्यांना मीठसाखरेचें पाणी पाजून वांचविलें. इलिऑस्टमीच्या रोग्यानें दिवसभरांतील पिण्याच्या पाण्याचा बराच भाग असा जीवनक्षारयुक्त घ्यावा. आपली मीठ घातलेली पेज याच जातीची आहे, आणि भातानें पिशवींतला द्रव थोडा दाटहि होतो. तेव्हां सकाळच्या पेजेला कोणी गरिबीचें अन्न म्हणून नाक मुरडूं नये. शहाळें मात्र फसवें. त्यांत मीठ थोडें असतें. तें औषध म्हणून दिवसभर पीत बसणें बरें नव्हे. ओल्या खोबऱ्याचे तुकडे, काजूगर व सुकट-भाजीचे चिवट तंतु नीट न चावतां गिळले तर ते त्या अरुंद वाटेंत अडकतात. पहिले सहा-आठ आठवडे नारळ वापरावयाचा तर त्याचा रस काढून वापरावा. सोलकढीला हरकत नाहीं. मीठ घातलेली असावी. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं मात्र मिठाचें प्रमाण स्वतः ठरवूं नये.

या त्रासामुळेंच शस्त्रवैद्य मधले मार्ग शोधूं लागले. इटलींतील कांहींनीं एक चतुर तोड काढली. लहान आंतड्याच्या पेंचाभोंवतीं एक फीत ओंवून ती पोटाच्या भिंतीपर्यंत आणून ठेवावयाची, पण आंतडें उघडावयाचें नाहीं. सांधा नीट भरला तर फीत ओढून काढली कीं संपलें. गळण्याचें चिन्ह दिसलें तर तोच पेंच बाहेर ओढून उघडावयाचा. हिला लपलेली इलिऑस्टमी म्हणावें. मध्यम धोक्याच्या सांध्याला ही तोड चांगली दिसते. पण येथें मघांचीं अंतरें आठवावीं. सांधा गळूं लागल्यावर कांहीं तासांत जाणत्या शस्त्रवैद्याच्या हातीं पडणें ही या युक्तीची अटच आहे. परळला राहणाऱ्याची गोष्ट निराळी. आपला रापणकार सातव्या दिवशीं घरीं आला, नवव्या रात्रीं त्याला ताप भरला, आणि बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत आहे. तेथून शंभर किलोमीटर त्याला कोण व किती वेळांत नेणार? हा पर्याय घ्यावयाचा तर निदान दोन आठवडे रुग्णालयाजवळ बिऱ्हाड करून राहण्याची तयारी हवी.

गुदद्वारांतून एक नळी सांध्याच्या वरपर्यंत घालून कांहीं दिवस ठेवावी, म्हणजे आंतला दाब कमी होतो, अशीहि कल्पना निघाली. ती स्वस्त आणि सोपी; म्हणून मोहक. पण चीनमधील सात रुग्णालयांत ५६० रोग्यांवर तिची परीक्षा झाली, तेव्हां नळी असलेल्यांत शेंकडा ६.४ व नसलेल्यांत ६.८ जणांचा सांधा गळल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे फरक नाहींच म्हणा. शस्त्रक्रियेच्या वेळींच एक हिरवें रंगद्रव्य शिरेंतून देऊन, विशिष्ट प्रकाशांत आंतड्याच्या टोकापर्यंत रक्त पोंचतें कीं नाहीं हें पाहण्याची रीतहि आतां आली आहे. जपानांतील ८५० रोग्यांच्या परीक्षेंत तिनें गळतीचें प्रमाण शेंकडा ११.८ वरून ७.६ वर आलें. दुसऱ्या कांहीं परीक्षांत तितका लाभ दिसला नाहीं. ती पिशवीची जागा घेणारी नव्हे.

एक मार्ग मात्र जुना असून पुन्हां नवा झाला आहे, आणि तो मला आपल्याकडील कांहीं रोग्यांसाठीं विचारांत घेण्याजोगा वाटतो. १९६१ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंडचे रूपर्ट टर्नबुल आणि ब्राझिलांत साओ पाउलोचे दाहेर कुताइत या दोघांनीं तो स्वतंत्रपणें प्रसिद्ध केला. सांधा लगेच करावयाचाच नाहीं. वरचें आंतडें गुदद्वारांतून बाहेर कांहीं सेंटिमीटर लोंबतें ठेवावयाचें. सुमारें आठवड्याभरांत तें आंतल्या बाजूस आपोआप चिकटतें. मग दुसऱ्या लहान शस्त्रक्रियेनें जास्तीचा भाग कापून कडा शिवून टाकावयाच्या. पोटावर वाट नाहीं, पिशवी नाहीं, मिठापाण्याचा तोटा नाहीं. स्पेनमधील शस्त्रवैद्यांच्या पुढाकारानें ९२ रोग्यांवर याची व नेहमींच्या इलिऑस्टमीसहित सांध्याची तुलना झाली, आणि पहिल्या महिन्यांतील उपद्रव दोहोंत सारखेच असल्याचें २०२० सालीं कळविण्यांत आलें. अर्थात् तो आठवडा रोग्याला सुखाचा जात नाहीं. रुग्णालयांतला मुक्काम वाढतो, आणि ही क्रिया सराव असलेल्या हातांनींच करावयाची असते. हा मार्ग मुख्यतः अगदीं खालच्या, गुदद्वारालगतच्या सांध्यासाठीं आहे. गंमत अशी कीं, पिशवी टाळण्याचा मार्ग दाखविणाऱ्या याच टर्नबुल यांनीं स्वतः इलिऑस्टमी असलेल्या नॉर्मा गिल या बाईंना रोग्यांना पिशवी सांभाळावयास शिकविण्याच्या कामावर नेमलें, आणि त्यांतून परिचारिकांची एक नवी विद्याच उभी राहिली. टाळतां येईल तेथें टाळा, नाहीं तेथें नीट शिकवा, असा त्यांचा खाक्या असावा.

तात्पुरती वाट बंद केव्हां होते? साधारणपणें दोन-तीन महिन्यांनीं, सांधा बोटानें व रंगद्रव्याच्या क्षकिरण-चित्रानें तपासून. डेन्मार्क व स्वीडनमध्यें निवडक रोग्यांची वाट आठव्या ते तेराव्या दिवसांतच बंद करून पाहिली, आणि २०१७ सालच्या वृत्तांताप्रमाणें त्यांना पुढें त्रास कमीच झाला. पण ते रोगी सांधा पूर्ण सुरक्षित ठरलेले होते. उलट शस्त्रक्रियेनंतर औषधांचे डोस द्यावयाचे असले तर बंद करणें सहा महिन्यांवर जाऊं शकतें. हॉलंडमधील एका मोठ्या पाहणींत अशा 'तात्पुरत्या' म्हणून केलेल्या वाटांपैकीं शेंकडा १९ कधींच बंद झाल्या नाहींत. हें रोग्याला आधीं सांगितलें पाहिजे. वाट बंद झाल्यावरहि पूर्वीचें पोट जसेंच्या तसें परत येत नाहीं. दिवसांतून अनेकदां व घाईनें शौचास लागणें कित्येकांना महिनोन् महिने भोगावें लागतें. ज्याचे गुदद्वाराचे स्नायु मुळांतच ढिले आहेत, त्या वृद्धाला खालचा सांधा न करतां कायमची कोलोस्टमी देणें हेंच कधीं कधीं अधिक दयेचें ठरतें.

आपल्या रापणकाराला माझ्या मतें इलिऑस्टमी द्यावी. पण तिची जागा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं त्याला बसवून, उभें करून, वांकवून, आणि तो कमरेला जेथें वस्त्र बांधतो तें पाहून शाईनें खुणावी. घरीं जाण्यापूर्वीं पिशवी त्यानें स्वतः व घरांतल्या एका माणसानें निदान दोन वेळां बदललेली असावी. पिशव्या जवळपास कोठें मिळतील व महिन्याला काय खर्च येईल, दिवसाला पिशवींत किती मोजून आलें म्हणजे दवाखान्यांत यावयाचें, आणि रात्रीं फोन कोणाला करावयाचा, हें कागदावर लिहून घ्यावें. सलाईन लावण्यासाठीं बांबोळीपर्यंत जाण्याची गरज नसते. तें ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत किंवा मालवणांतहि होतें, मात्र तेथील डॉक्टरांना रोग्याच्या पोटावर काय केलें आहे तें सांगणारा कागद बरोबर हवा. रोगावरील शस्त्रक्रिया हंगामासाठीं लांबवूं नये. परंतु वाट बंद करण्याचा दिवस ठरवितांना हंगामाचा विचार करावयास कांहींच हरकत नाहीं. ती ज्येष्ठाच्या आरंभीं बंद झाली तर पावसाळ्यांत रापण बंदच असते, जड ओझें न उचलण्याचे सहा-आठ आठवडे घरींच जातात, आणि नारळी पौर्णिमेला तो किनाऱ्यावर उभा असतो.